वादीचे तारण

"उतरा, काका, जपून. इथं खड्डा हाय," असे म्हणत प्रतिवादीने आपली मोटारसायकल न्यायालयाच्या फाटकाशी उभी केली आणि मागच्या बैठकीवरून वादी खाली उतरला. त्याच्या काखेत दाव्याचे कागद होते आणि हातात जेवणाचा डबा होता. डबा प्रतिवादीच्या आईने दिला होता.

हे दृश्य मी पायऱ्यांवरून पाहिले. मी प्रतिवादीचा वकील. सनद घेऊन मला तेव्हा सहा वर्षे झाली होती, आणि १९९४ सालच्या त्या मार्च महिन्यापर्यंत माझा असा ठाम समज होता की, वादी आणि प्रतिवादी ही दोन माणसे सृष्टिनियमानेच एका वाहनावर बसू शकत नाहीत.

मी माझ्या अशिलाला, केशरीनाथ थळ्यांना, खांबाआड ओढले.

"केशरीशेठ, हा गृहस्थ तुमच्यावर दावा लावून आला आहे."

"ठाऊक हाय की. माझं समन्ससुद्धा त्यानंच घेतलं."

"म्हणजे?"

"उतरलाय माझ्याच घरी ना. बेलीफ आला तेवा मी गिरणीत होतो. यानं सही करून घेऊन ठेवलं, आणि जेवताना म्हणाला, 'केशऱ्या, तुझा कागद आलाय बघ.'"

"वादीनेच समन्स स्वीकारले? अहो, ही बजावणीच अवैध आहे! यावर मी तीन पानांची हरकत घेऊ शकतो."

"घ्या हवी तर," केशरीनाथ म्हणाले, "पण त्याला लॉजवर पाठवा असं काय सांगू नका. आय मला घरात घेणार नाय."

हरकत मी घेतली नाही. घेतली असती तर ती कोणत्या तोंडाने वाचायची, हा प्रश्न होता.

वादीचे नाव शालोम बन्याजी झिराडकर. बासष्ट वर्षांचे, बारीक अंगाचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू गृहस्थ. आमच्या अलिबागेकडे या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बैल सोडून ठेवले. वेळशेत गावातला घाणा शालोमच्या वडिलांचा, बन्याजींचा. १९६४ साली झिराडकर कुटुंब इस्रायलला निघाले, तेव्हा बन्याजींनी घाणा शेजारच्या नारायण थळ्यांना, म्हणजे केशरीनाथांच्या वडिलांना विकला. किंमत रोख घेतली आणि तोंडी एकच अट घातली. डब्यावर 'बन्याजी तेल, शनिवारी घाणा बंद' ही अक्षरे ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, पण मग शनिवार पाळा.

नारायणरावांनी तो मरेपर्यंत पाळला. केशरीनाथांनीही पुष्कळ वर्षे पाळला. पुढे बैल गेले, विजेवर तेल गाळणारा एक्सपेलर आला, मुंबईच्या एका व्यापाऱ्याची मागणी वाढली, आणि तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी यंत्र 'आजच्यापुरते' सुरू झाले ते पुढच्या कोणत्याही शनिवारी थांबले नाही. अक्षरे मात्र डब्यावर राहिली, कारण गिऱ्हाईक तेल घेत होते ते त्या अक्षरांवरच. जो माणूस सात दिवसांतल्या एका दिवसाचा नफा आपण होऊन सोडतो तो तेलात भेसळ करणार नाही, असा लोकांचा साधा तर्क होता. असाच एक डबा कुणाच्या तरी सामानातून इस्रायलमधल्या दिमोना शहरी पोचला, त्याच्यासोबत शनिवारच्या पाळीची बातमीही पोचली, आणि तिथल्या कापडगिरणीतून नुकतेच निवृत्त झालेले शालोम विमानाचे तिकीट काढून आले. त्यांची मागणी एका ओळीत मावत होती: शनिवार पाळा, नाहीतर माझ्या बापाचे नाव पुसा.

"शनिवार पाळला तर मुंबईचं गिऱ्हाईक जातं," केशरीनाथ माझ्या कचेरीत म्हणाले, "आणि नाव पुसलं तर गावोगावचं जातं. मग मी काय करायचं, एक्सपेलरला हार घालून बसायचं?"

बचाव लंगडा होता, हे मला दिसत होते. म्हणून मी दाव्याच्या अंगणात पाऊलच टाकायचे नाही, फाटक बाहेरून बंद करायचे, असे ठरवले. दिवाणी प्रक्रिया संहितेत पंचविसावा आदेश नावाचे एक शांत, दुर्लक्षित प्रकरण आहे. वादी परदेशात राहणारा असला आणि इथे त्याची पुरेशी स्थावर मिळकत नसली, तर तो हरल्यावर प्रतिवादीने आपला खर्च कोणाकडून वसूल करायचा? म्हणून न्यायालय अशा वादीला आधीच बजावू शकते की, प्रतिवादीच्या खर्चापोटी तारण भर. मुदतीत भरले नाहीस तर दावा फेटाळला जाईल.

"म्हंजे त्याचं म्हणणं कोणी ऐकायचंच नाय?"

"ऐकण्याची वेळच येणार नाही. मी सत्तर हजारांचे तारण मागतो. वकील लावायलाही ज्याच्याजवळ पैसे नाहीत, जो स्वतःच उभा राहून बोलतो, तो सत्तर हजार आणणार कोठून?"

केशरीनाथांनी छताच्या पंख्याकडे पाहिले.

"हे कायदेशीर हाय ना पण?"

"केशरीशेठ, हे कायदेशीरच आहे. दुसरे काहीही नाही."

कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचे लेखी उत्तर, आणि तारणाचा अर्ज या दोन्हींवर मी आठवडाभर खपलो. आजकालचे वकील वाक्य लिहीत नाहीत, शब्द टाकतात. मला लांब, तोलून बांधलेल्या, शेवटच्या क्रियापदाशी येऊन दिमाखाने थांबणाऱ्या वाक्याचे वेड होते, आणि ते अजून सुटलेले नाही. वादीच्या मिळकतीचा शोध मी जातीने घेतला. तलाठ्याचे दप्तर पाहिले, नोंदणीचे निर्देश पाहिले. शालोम बन्याजी झिराडकर या नावावर कोठे एक गुंठासुद्धा नव्हता. मग मी अर्जात लिहिले: "सदरहू वादीस या देशात शेतजमीन वा घर तर नाहीच, परंतु दमून आला असता क्षणभर टेकावे एवढीही स्वतःच्या मालकीची जागा नाही, तो आज जेथे राहतो ती प्रतिवादीची कृपा होय."

कैफियतीत अट नाकारायची होती. बन्याजींनी अटच घातली नव्हती, हे सिद्ध कसे करायचे? केशरीनाथ बोलता बोलता म्हणाले होते की, विहिरीकडची पट्टी बन्याजींनी आपल्या वडिलांना 'प्रेमानं' दिली होती. मला तेवढे पुरे झाले. मी नवव्या परिच्छेदात लिहिले: "विहिरीकडील पट्टीदेखील कै. बन्याजी यांनी कै. नारायण यांस केवळ स्नेहापोटी वापरू दिली, व तेथे कोणतीही अट घातली नाही. ज्यांनी जमिनीला अट घातली नाही ते तेलाला घालतील, हे कोणास पटावे?"

हे वाक्य मी त्या दिवशी शिपायालाही वाचून दाखवले.

प्रतिज्ञापत्रावर सही घ्यायला मी वेळशेतला गेलो, तर केशरीनाथांच्या आईने, यमुनाबाईंनी, मला जेवल्याशिवाय सोडायचे नाकारले. पंचाहत्तरीची बाई, पण चुलीवर हुकमत अशी की तीन माणसांसाठी तीन स्वैपाक मांडले होते: मुलासाठी कोलंबी, शालोमसाठी वेगळ्या तव्यावर त्यांच्या धर्माला चालणारे खवल्यांचे मासे, आणि माझ्यासाठी वालाचे बिरडे. वादी, प्रतिवादी आणि प्रतिवादीचा वकील एका ओळीत पाटावर बसलो.

"वकीलसाहेब," शालोम म्हणाले. त्यांची मराठी तीस वर्षे पेटीत घडी घालून ठेवल्यासारखी होती, जुनी आणि स्वच्छ. "तुमचा अर्ज केशऱ्यानं मला वाचून दाखवला, पण तुमची वाक्यं त्याला पेलवत नाहीत. मधेच श्वास घेतो, मग अर्थ सांडतो. तुम्हीच वाचा पाहू."

"काका, जेवताना कशाला?" केशरीनाथ पुटपुटले.

मी मात्र वाचले. खोटे कशाला बोलू, मला वाचायचेच होते. 'कृपा होय' येथे मी आवाज किंचित खाली आणला आणि वर पाहिले. केशरीनाथ कोलंबी सोलत होते. एकच कोलंबी, कितीतरी वेळ.

"काय लिवलंस?" यमुनाबाईंनी वाढता वाढता पळी थांबवली. "टेकायला जागा नाय?"

"आजी, ही कायद्याची भाषा आहे. ती मनाला लावून घ्यायची नसते."

"या आळीत तो रांगला, पोरा. तुझा बाप रांगला होता काय?"

"असू दे, वहिनी," शालोम म्हणाले. "वकीलसाहेबांनी खोटं काही लिहिलेलं नाही. सत्तर हजार माझ्यापाशी नाहीत. सतरा हजारही नाहीत. कोर्टानं तारण मागितलं की दावा गेला, आणि मीही गेलो."

"आणि बन्याजीकाकांचं नाव?" यमुनाबाईंनी विचारले.

"ते राहील डब्यावर. शनिवारी चालणाऱ्या गिरणीच्या."

यमुनाबाईंनी शालोमच्या पानात आणखी एक तुकडी वाढली आणि म्हणाल्या, "सकाळी माझ्यासंगं तलाठ्याकडं चल. माझं काम हाय जरा."

म्हाताऱ्या बाईचे तलाठ्याकडे काय काम असणार? एखादा दाखला हवा असेल, असे समजून मी ताक मागितले.

अर्जाची सुनावणी तीन आठवड्यांनी पळसुले साहेबांपुढे झाली. पळसुले साहेब मितभाषी न्यायाधीश; त्यांना लांब वाक्ये आवडत नसत, पण ती ते शेवटपर्यंत ऐकून घेत. मी पाऊण तास बोललो. मग ते वादीकडे वळले.

"तुमचे म्हणणे?"

शालोम उठले आणि त्यांनी एकच कागद पुढे केला. साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि शिरस्तेदारामार्फत माझ्याकडे धाडला. सातबाऱ्याचा उतारा होता. मौजे वेळशेत, विहिरीकडील पट्टी, क्षेत्र तीन गुंठे. मालकाच्या रकान्यात नाव: बन्याजी मुसाजी झिराडकर.

मी शोध घेतला होता तो वादीच्या नावाने. त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने घेतला नव्हता.

"हे काय प्रकरण आहे?" साहेबांनी विचारले.

"साहेब, जमिनीचे दोन तुकडे होते, म्हणून दस्तही दोन होते," शालोम सांगू लागले. "शुक्रवारी घाण्याच्या जागेच्या दस्तावर सही झाली. दुसऱ्या दस्ताला स्टँप कमी पडला, म्हणून शनिवारचा वायदा झाला. वडील शनिवारी हातात लेखणी धरत नसत. रविवारी कचेरी बंद, सोमवारी आमचं प्रस्थान. नारायणदादांना ते म्हणाले, पट्टी वापर, परत येईन तेव्हा सही करीन. ते दिमोनातच वारले."

"हे तुम्हाला ठाऊक होते?"

"नाही साहेब. वडिलांनी मला कधी सांगितलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी यमुनावहिनींनी सांगितलं."

"त्या कोण?"

"प्रतिवादीच्या मातोश्री."

पळसुले साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"त्यांनी हे आत्ताच का सांगितले?"

"वकीलसाहेबांनी लिहिलं की मला टेकायलाही जागा नाही. ते त्यांना लागलं."

न्यायालयात कोणी हसले नाही. हसले असते तर मला बरे वाटले असते.

"गोठोस्कर," साहेब मला म्हणाले, "या पट्टीवर सध्या काय उभे आहे?"

मी अशिलाकडे वळलो. केशरीनाथांचा चेहरा पेंडीसारखा झाला होता. "एक्सपेलर," ते कुजबुजले.

"यंत्र, साहेब."

"कोणाचे?"

"प्रतिवादीचे."

मी हार मानणाऱ्यांतला नव्हे. मी म्हणालो, तीन गुंठ्यांची ही क्षुल्लक मिळकत सत्तर हजारांच्या खर्चास पुरेशी नाही. साहेब म्हणाले, "म्हणजे तुमच्या अशिलाची गिरणी कवडीमोल जागेवर उभी आहे, असे नोंदवून घेऊ?" मागून केशरीनाथांनी माझा झगा ओढला. मी तो मुद्दा सोडला आणि दुसरा घेतला: तीस वर्षांच्या अखंड ताब्याने ही जागा आता प्रतिवादीचीच झाली आहे, सबब ती वादीची मिळकत नव्हे. हा मुद्दा भक्कम होता. मी त्यावर चढतच होतो, इतक्यात साहेबांनी माझी कैफियत उघडली.

"परिच्छेद नऊ. 'केवळ स्नेहापोटी वापरू दिली.' गोठोस्कर, वापरू देतो तो मालक. दुसऱ्याच्या परवानगीने बसलेला माणूस तीस वर्षांनीही परवानगीनेच बसलेला असतो. वाक्य सुरेख आहे. तुमचेच ना?"

"होय, साहेब."

"तुम्ही वादीकडे तारण मागता आणि तुमचे यंत्र त्याच्या जमिनीवर चालते. अर्ज फेटाळला आहे."

बाहेर आल्यावर केशरीनाथ माझ्याशी बोलले ते फाटकाकडे पाहत. "आता तो पट्टी मागणार. यंत्र उचलायला लागलं तर बसवायचं कुठं? मी संपलो, वकीलसाहेब. शनिवार वाचवायला गेलो न् सगळा आठवडाच गेला."

"एक अक्षर बोलू नका, कशावरही सही करू नका," मी बजावले. "मी काहीतरी काढतो."

दोघे मोटारसायकलवर बसून गेले. बसायला दुसरे वाहनच नव्हते. मागे बसलेल्या माणसाच्या मुठीत पुढच्याची गिरणी होती, आणि पुढचा गाडी इतकी सावकाश चालवीत होता की सायकलवाले त्याला ओलांडून जात होते.

चौथ्या दिवशी केशरीनाथ एकटेच आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक मुद्रांक ठेवला. हस्ताक्षर शालोमचे होते. मजकूर असा: "वेळशेत येथील तीन गुंठे पट्टीची किंमत माझ्या वडिलांना नारायण थळे यांच्याकडून १९६४ सालीच पूर्ण पोचली आहे. सही तेवढी राहिली होती, ती मी करीत आहे. या जागेवर माझा हक्क नाही." खाली सही, आणि दोन साक्षीदार.

मी तो कागद तीनदा वाचला. पहिल्यांदा मजकूर कळण्यासाठी, पुढे दोनदा त्यातली मेख शोधण्यासाठी. अट नव्हती, शनिवारचा उल्लेख नव्हता, मोबदला नव्हता. मेख नव्हती.

"हे तुम्ही त्यांच्याकडून लिहून घेतलेत?"

"मी कुठं? सकाळी उठून स्वतःच स्टँप घेऊन आला. आयला म्हणाला, बापानं पैसे घेतले होते, वहिनी. मग जमीन माझी कशी?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी खुर्चीवरून उठलोच.

"केशरीशेठ! या गृहस्थाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. आता त्याची या देशात खरोखरच काही मिळकत उरली नाही. परिस्थिती बदलली की नवा अर्ज करता येतो. सोमवारी दाखल करतो. या खेपेस स्नेह वगैरे काही घालत नाही, नुसता कायदा घालतो. महिन्याभरात दावा संपला समजा!"

केशरीनाथ खुर्चीवर बसले नव्हते. ते उभेच होते.

"हे मी त्याला बोललो," ते म्हणाले.

"काय बोललात?"

"हेच. म्हटलं, काका, करू नका सही. माझा वकील गप्प बसायचा नाय, लगेच परत अर्ज टाकेल. मग तारण काय देणार तुम्ही?"

"तुम्ही आपली बाजू विरुद्ध पक्षाला समजावून सांगितलीत? अशिलाने? मग तो काय म्हणाला?"

"हसला. म्हणाला, 'तारण? तू आहेस की.' न् केली सही."

मी तोंड उघडले. माझ्यापाशी निदान चार मुद्दे होते. कोणतेही विधान तारण होऊ शकत नाही. तारण हे रोख असावे, स्थावर असावे किंवा जामीनदाराचे असावे. जामीनदार त्रयस्थ असावा लागतो. आणि प्रतिवादी स्वतःच्या खर्चाला स्वतः तारण राहिल्याचा एकही दाखला मला माहीत नव्हता. चारही मुद्दे बिनतोड होते. केशरीनाथांच्या चेहऱ्याकडे पाहून मी ते चारही गिळले. आयुष्यात प्रथमच.

"अर्ज नको," केशरीनाथ म्हणाले. "तडजोड लिहा. शनिवारी गिरणी बंद."

"आणि मुंबईचे गिऱ्हाईक?"

"फोन केला त्या शेटला. सहा दिवसांचं तेल घेतोस तर घे. लय बोंबलला. घेतो की नाय ते महिनाअखेरीला कळेल." त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. "नायच घेतलं तर बघू."

मी कागद ओढला आणि लिहिले: "प्रतिवादी दर शनिवारी गिरणी बंद ठेवील." सवयीने पुढचे वाक्य सुचू लागले.

"यात दंडाची तरतूद हवी. उद्या तुम्ही शब्द मोडलात तर वादीला भरपाई—"

"तुम्ही माझे वकील का त्याचे?"

"बरे, ते राहू द्या. पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. शनिवार कधीपासून धरायचा? तुमच्या हिशेबाने मध्यरात्रीपासून, त्यांच्या धर्माने शुक्रवारच्या सूर्यास्तापासून. शुक्रवारची संध्याकाळची पाळी चालवायची की नाही, हे आज ठरवले नाही, तर याच मुद्द्यावर पुन्हा वाद उभा राहील. मी पैजेवर सांगतो."

"नक्की राहील?"

"शंकाच नको."

केशरीनाथांनी कागद स्वतःकडे वळवला, माझ्या हातातले पेन घेतले आणि त्या एका वाक्याखाली, पुढे काही लिहायला जागाच उरू नये अशी, ऐसपैस सही केली.

"मग मोकळंच ठेवा ते," ते म्हणाले. "भांडायला तरी येईल परत."